केरू मेस्त्रीची शाळा

शाळा बंद करा, असा सरकारचा हुकूम आला तेव्हा बावशेत गावच्या मराठी शाळेला आधीच कुलूप लागलेलं होतं. मास्तर शिमगा आटपून आपल्या गावी गेले ते तिकडेच अडकले होते. पोलीस पाटील रामा पवार मोठ्या पेचात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारने त्याच्यावर एवढा भरवसा टाकला होता. त्याने वेशीवर बांबू आडवे घातले, दुकानापुढे चुन्याची वर्तुळं काढली, देवळाचा दरवाजा ओढून घेतला. आता बंद करायला शाळाच उरली नव्हती. विचार करता करता त्याला केरू मेस्त्री आठवला.

भर दुपारी तोंडाला रुमाल गुंडाळून तो मधल्या वाडीत केरूच्या खळ्यात येऊन उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, "शाळा बंद कराची."

कोकणात गणपती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात. का म्हणतात ते कुणी विचारत नाही. केरूची शाळा म्हणजे घराला लागून काढलेला लांबलचक मांडव. वर कौलं, बाजूला कुडाच्या भिंती, आणि भिंतींना लागून फळ्या. गावातल्या घराघरातला लाकडी पाट अक्षय्य तृतीयेला इथे यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावर त्या घरचा गणपती बसून जायचा. केरूच्या आजापासूनची ही रीत. केरूचा बाप तापाने फणफणत होता, दोघांनी धरून बसवला होता, तरी त्याने त्या साली सगळ्या मूर्तींचे डोळे आखले होते. ह्या मांडवातून एखाद्याचा पाट रिकामा परत गेला, असं आजवर घडलं नव्हतं.

केरूची बायको गंगा खळ्यात कुळीथ झोडत होती. तिच्या तोंडाला अख्खी वाडी वचकून असायची. रामा तर लहानपणी तिच्या फणसावर चढताना सापडलेला.

"मेल्या, ती पोरांची शाळा," ती काठी न थांबवता म्हणाली. "हितं कोण पाढे म्हणतंय?"

"हुकमात शाळा असा म्हटलाय काकी. कंची ता नाय म्हटलेला."

"मंग बसव त्या हुकमाला पाटावर, नि घाल त्याला मोदक!"

केरूने मात्र डोक्यावरची टोपी काढली. तो सरकारला भिणारा माणूस. मतदानाला जायचं तरी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून जायचा. सरकारी माणूस खळ्यात आला की आधी टोपी काढायचा आणि मग काय काम म्हणून विचारायचा. त्याने साच्यांवर गोणपाटं घातली, मांडवाचं बेडं, ते बांबूचं फाटक, ओढलं आणि काथ्याने बांधून टाकलं. गंगाने काठी टाकली आणि ती रागाने घरात निघून गेली.

त्या दिवसापासून केरू ओटीवर बसून असायचा. तोंड मांडवाकडे, हात मांडीवर. हात रिकामे राहिले की आपला नवरा कसा दिसतो, हे गंगाने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. जेवताना तो भाताचा घास उगीच मळत बसायचा. भात गार व्हायचा. तिला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं, पण बोलताना तोंडातून रागच बाहेर पडायचा.

दरसाल शाडू माती पेणच्या बाजूने ट्रकमधून यायची. यंदा पालीच्या व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मेस्त्री, माणूस यायला वाट नाय, माती कुठून येते?" तशातच अक्षय्य तृतीया उजाडली. गावकरी एकेक करून आले, बेड्यापाशी पाट ठेवला, लांबूनच हात जोडले आणि निघून गेले. दरवर्षी ह्या दिवशी खळ्यात चहा व्हायचा, गजाली रंगायच्या, कुणाला उंदीर डाव्या बाजूला हवा नि कुणाला लोड हवा, यावर भांडणं व्हायची. यंदा संध्याकाळी नुसता पाटांचा ढीग उरला. गंगाने काथ्या सोडून ते मांडवात नेले आणि फळीवर रचले.

"पाट आले. आता काय करणार?" तिने विचारलं.

"बंद हाय गो शाळा," केरू म्हणाला.

मे महिन्यात मुंबईची माणसं गावाकडे निघाली. कुणी पास काढून, कुणी टेम्पोत लपून, कुणी चालत. तालुक्याच्या कचेरीतून रामाला फोन आला. आलेल्या लोकांना घरी सोडू नका, शाळेत ठेवा. तुमच्या गावात शाळा किती? रामाने क्षणभरही विचार केला नाही. "दोन," तो म्हणाला. "एक मराठी, एक केरू मेस्त्रीची." फोनवरच्या नव्या कारकुनाला वाटलं, कुणा देणगीदाराचं नाव दिलेली खासगी शाळा असेल. त्याने बिचाऱ्याने तसंच पुढे कळवून टाकलं.

टेकडीवरची मराठी शाळा पहिल्याच फेरीत भरली. दुसऱ्या फेरीचा टेम्पो केरूच्या बेड्यापाशी येऊन थांबला. पुढे रामा, हातात काठी. मागून माणसं उतरू लागली. ओढ्यापलीकडच्या तळीवाडीची तीन-चार पोरं, सगळी ताडदेवच्या एका गाळ्यात राहणारी. वॉचमनची नोकरी सुटलेला म्हातारा बाबल्या. आणि शेवटी दाढी वाढलेला एक माणूस, त्याच्या खांद्याला धरून लंगडत चालणारी एक बाई. गंगा बघत राहिली. मग तिने हातातली कळशी खाली टाकली. तो तिचा मुलगा हर्षद होता, आणि ती सून मृणाली.

गंगा धावली. रामाने काठी आडवी घातली.

"मागं काकी! चौदा दिवस शिवाचा नाय!"

"माझा पोरगा हाय तो!"

"असूंदे. तो आता सरकारचा हाय. शाळेत ऱ्हाणार."

"तुझी शाळा तिकडं टेपावर. हितं कशाला आणलास ह्यांना?"

"ही पण शाळाच ना! मीच सांगितलाय, दोन म्हणून."

गंगाने रामाकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं. ती खळ्यात मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते तिलाही कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात पोरगं भलत्याच शाळेत जाऊन पडलं असतं. इथे ते तिच्या दारात होतं, ह्या वेड्याच्या एका शब्दापायी.

केरू ओटीवरून उठून उभा राहिला होता. बापलेकांचं बोलणं नीट होऊन बरीच वर्षं झाली होती. "चिखलात मला मरायचं नाही," असं म्हणून हर्षद भांडुपला एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवायला गेला होता. त्याचं मृणालीशी लग्न झालं तेव्हाही दोघे एकमेकांशी बोलले ते भटजींमार्फत. आता गॅरेज बंद, मृणालीचं ब्यूटी पार्लर बंद, खोलीचा मालक दाराशी. हर्षद मान खाली घालून उभा राहिला.

"जेवलास काय?" केरूने विचारलं.

हर्षदने मानेनेच नाही म्हटलं. केरू आत गेला आणि स्वतःच्या हाताने चूल पेटवू लागला.

मांडव आणि घर यांच्यामध्ये रामाने सुंभाची दोरी बांधली. दोरीच्या अल्याड घर, पल्याड शाळा. गंगा दोरीपाशी जेवणाची टोपली ठेवून मागे सरायची, मग पल्याडचा कुणीतरी येऊन ती उचलायचा. दोन दिवस माणसं नुसती झोपली. चालून चालून मृणालीच्या तळपायांना फोड आले होते, गंगा खोबरेल कोमट करून दोरीपाशी ठेवायची. तिसऱ्या दिवशी तळीवाडीची पोरं पत्ते खेळायला लागली. चौथ्या दिवशी पत्त्यांवरून भांडण जुंपलं आणि बाबल्याने एकाची कॉलर धरली. गंगा ओटीवरून हे सगळं बघत होती. एवढे हात, आणि सगळे रिकामे. तिच्या जिवाची तगमग झाली.

"उठा," ती केरूला म्हणाली. "कुदळ घ्या. मळ्यातली माती काढूया."

"शाळा बंद हाय ना?"

"बंद कुठली! सरकारनंच माणसा आणून भरलानी. माणसांनी हातपाय हलवायचे नायत असा हुकूम हाय काय?"

"मळ्यातली माती ती. शाडू न्हवे."

"तुमच्या आजानं शाडू बघितला होता काय?"

केरूने कुदळ उचलली. दोघेही उन्हातान्हात मळ्यावर गेले. वरची माती भेगाळून दगड झाली होती, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या. हातभर खाली गेल्यावर करडी, चिकट माती लागली. केरूने चिमूट उचलून अंगठ्याने दाबली, जिभेला लावली आणि थुंकली. मग कुदळ जोरात चालवायला लागला. गंगा घमेली भरभरून आणायची, दोरीपल्याड ओतायची. घामाने पातळ पाठीला चिकटायचं, मान आखडायची, डोक्यावरच्या चुंबळीखाली केस ओले व्हायचे. पल्याडची माणसं माती पाण्यात भिजवून जुन्या पातळातून गाळायची आणि पायांनी तुडवायची. मृणाली पायाचे फोड सुकल्यावर साडी खोचून चिखलात उतरली. पार्लरच्या कामासाठी जपलेली तिची नखं चिखलात बुडाली. बाबल्या तुडवता तुडवता नमन-खेळ्यातल्या गवळणीसारखा ठुमकायचा आणि पोरं लोळून हसायची.

केरू अल्याड उभा राहून सांगायचा, हर्षद पल्याड साच्यात माती भरायचा. बोलणं तेवढंच. "कान जाड झालाय." "बरं." "सोंडेला तार घाल." "घातली."

पहिली रांग फळीवर चढली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी सकाळी बघतात तर मूर्तींना पोटावर भेगा पडलेल्या. एकाची सोंड गळून पाटावर पडली होती. केरू खांबाला टेकून खाली बसला.

"भाताची माती ती," तो म्हणाला. "तिचा गणपती व्हायचा नाय. सांगितला होता मी."

तळीवाडीचा एक पोरगा तोंड फिरवून डोळे पुसू लागला. गंगा घरात गेली. तिच्या माहेरची, लग्नात आलेली कापसाची गादी कॉटवर होती. तिने विळीने तिची शिवण उसवली, कापूस टोपलीत भरला आणि दोरीपल्याड ढकलला.

"पिंजून घाला मातीत," ती म्हणाली. "भेगा धरून ठेवील. नि उन्हात वाळवू नका. ओली गोणपाटा घाला वरून, सावकाश सुकूंदे. घाई कोणाला हाय? मुंबय तं बंद हाय."

"आवो आई, गादी तुमची..." मृणाली म्हणाली.

"जमिनीवर झोप येत नाय काय मला?"

फुटलेल्या मूर्ती पुन्हा भिजवल्या. पुन्हा तुडवणं, पुन्हा साचे. गोणपाटं ओली करायचं काम पाळीपाळीने. यावेळी गोणपाटं काढायची हिंमत कुणालाच होईना. शेवटी हर्षदने काढली. पोट सलग होतं, सोंड जागेवर होती. त्याने बोटाची पेरं मूर्तीच्या पाठीवर आपटली. दोरीच्या अल्याड केरूने कान पुढे केला.

"परत वाजीव," तो म्हणाला.

हर्षदने पुन्हा वाजवलं. आवाज भरीव आला.

"झाला," केरू म्हणाला. इतकंच. पण त्या दिवशी तो ताटातला सगळा भात जेवला आणि वर ताक मागून घेतलं.

गावात मात्र वेगळीच कुजबुज चालू झाली होती. मधल्या वाडीतला सोनू घाग हा मानकरी. पालखीला पहिला खांदा त्याचा. त्याने देवळाच्या पारावर बसून सांगायला सुरुवात केली, की मुंबईवाले हाताने गणपती लिंपतायत, तो रोग थेट देव्हाऱ्यात येणार. त्याने कुणाकडून तरी तालुक्यालाही कळवलं. मग एका सकाळी पाच-सहा जणांना घेऊन तो बेड्यापाशी आला.

"मेस्त्री, आमचा पाट द्या."

केरूची टोपी हातात आली. "सोनू, असा काय करतंस? तुझ्या आजापासून..."

"आजाच्या टायमाला हा रोग नव्हता. पाट रिकामा द्या, आमी पालीहून आणू काय ता."

रिकामा पाट. दोरीपल्याड हर्षद मातीने भरलेले हात तसेच धरून उभा होता. एवढ्यात जीपचा आवाज आला. रामा धावत पुढे आला, त्याच्या मागून नायब तहसीलदार बाई उतरल्या. तरुण होत्या. उन्हाने चेहरा रापलेला, मास्कच्या दोऱ्यांचे वळ कानामागे उठलेले. पहाटेपासून गावं फिरत असाव्यात.

"दुसरी शाळा कुठली?" त्यांनी विचारलं.

रामाने अभिमानाने काठीने मांडव दाखवला. बाई दोरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या. समोर फळ्यांवर न रंगवलेल्या गणपतींच्या रांगा होत्या. मध्ये गुडघाभर चिखलात माणसं उभी होती आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती.

"पाटील," बाई सावकाश म्हणाल्या, "इथे मुलं कुठे बसतात?"

"मुला नाय बसत मॅडम," रामा म्हणाला. "गणपती बसतात."

बाईंनी डोळे मिटले. मास्कमागे त्या हसल्या की रागावल्या, कुणाला कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "हा तर कारखाना आहे. अत्यावश्यक सोडून सगळं काम बंद आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

सोनू घाग पुढे सरकला. केरूने हात जोडले. ते जोडलेले हात गंगाने पाहिले. उभ्या जन्मात त्या हातांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

"बाई," ती पुढे होऊन म्हणाली, "मला कायदा कळत नाय. पण यंदा लोकांची कामा गेली, बाजार गेले, आमची शिमग्याची पालखी अर्ध्यात फिरली. लगीन नाय, बारसा नाय. मयताला खांदा नाय. आता चतुर्थीला घरात गणपती पण नाय आला, तं माणसानी धराचा काय नि सोडाचा काय? तुमीच सांगा, ह्या अत्यावश्यक हाय का नाय?"

बाईंनी दोरीच्या कडेकडेने चालत सगळं पाहिलं. हात धुवायची जागा पाहिली, पोरांची अंतरा-अंतराने घातलेली अंथरुणं पाहिली, कुणाला ताप आहे का, खोकला आहे का, ते एकेकाला विचारलं. मग एका मूर्तीपुढे त्या थोडा वेळ थांबल्या.

"पाटील, तुम्ही ही जागा शाळा म्हणून कळवलीत?"

रामाला घाम फुटला. "व्हय मॅडम. गावात शाळाच म्हणतात."

"मग शाळाच आहे ही. आमच्याकडे तशीच नोंद आहे." त्या सगळ्यांकडे वळल्या. "परवा एका गावात विलगीकरणातल्या लोकांनी पत्त्यांवरून डोकी फोडली. आम्ही ओरडून सांगतोय, माणसांना कशात तरी गुंतवून ठेवा. शाळेत मातीकामाचा तास असतो. तो चालू राहू द्या. फक्त दोरी ओलांडायची नाही. आणि मातीला लागलेला रोग चतुर्थीपर्यंत जिवंत राहत नाही हो, घाबरू नका."

हे शेवटचं त्यांनी सोनू घागकडे बघून सांगितलं, आणि जीपमध्ये बसून पुढच्या गावाला निघून गेल्या.

गंगाने मांडवातून सोनूचा पाट मागवून घेतला. बाबल्याने तो दोरीपाशी ठेवला. गंगाने पदराने पुसला, उचलला आणि सोनूच्या पायापाशी आणून ठेवला.

"ने," ती म्हणाली. "पण जाताना देवळाकडं बघून जा. तो सभामंडप कोणी बांधलान? मुंबयच्या मंडळानं. आज मुंबयवाल्याच्या हाताचा गणपती तुला चालत नाय, तं त्या सभामंडपात पण पाय ठेवू नको. उन्हात उभा ऱ्हा नि उन्हातनं पाया पड."

सोनूने पाटाकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. बरोबर आलेल्यांपैकी एकजण हळूच मागच्या मागे निघाला होता, त्याचा भाऊ पल्याड चिखलात उभा होता. दुसरा चपलेने मातीत रेघोट्या मारत होता.

"ऱ्हाऊंदे," सोनू पुटपुटला. "मी आपला विचाराला आलो होतो."

"विचारून झाला ना? मंग चाय घेऊन जा," गंगा म्हणाली, आणि पल्याडचे सगळे एकदम हसले. केरूने टोपी डोक्यावर घातली. त्या दिवसानंतर कुठलाही सरकारी माणूस आला तरी त्याने ती काढली नाही.

चौदा दिवस पुरे झाले, रामाने दोरी सोडली. हर्षद घरात आला, आईच्या हातचं मासळीचं कालवण पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न बोलावता मांडवात जाऊन बसला. तळीवाडीची पोरंही परत आली, बाबल्याही आला. मुंबईत त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. पावसाने कौलं वाजू लागली. मूर्ती सुकेनात म्हणून मांडवात रात्रंदिवस शेगडी पेटती ठेवली, धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले. सरकारने मध्येच घरच्या गणपतीची उंची ठरवून दिली, दोन फुटांच्या वर नको. मळ्याच्या मातीचा गणपती त्याहून उंच उभाच राहिला नसता, त्यामुळे तो हुकूम केरूने आनंदाने पाळला. पालीला ट्रक फारसे आलेच नाहीत. मग आजूबाजूच्या गावांतली माणसंही आपापले पाट डोक्यावर घेऊन पावसातून यायला लागली. केरूने एकालाही परत पाठवलं नाही.

हर्षदने गॅरेजच्या पद्धतीने फवाऱ्याने अंगरंग मारला. केरूने त्यावर नाक मुरडलं, पण रंग सारखा बसला होता, आणि हात तिप्पट चालत होता. डोळे मात्र केरूच आखायचा. पण मूर्ती इतक्या होत्या, की त्याची बोटं आखडायला लागली. एके दिवशी त्याने मृणालीला मेंदीच्या कोनाने फळीवर नक्षी काढताना पाहिलं. तिचा हात बघत तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बारीक कुंचला तिच्यापुढे धरला.

"मूठ टेकव. श्वास धर. डावा डोळा आधी," तो म्हणाला.

गंगा दारातून बघत होती. ह्या घरात येऊन तिचं आयुष्य मातीत गेलं, पण तो कुंचला तिच्या हातात कधी कुणी दिला नव्हता. तिला लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. पण मृणालीने डोळा आखला आणि मूर्ती समोर बघायला लागली, तेव्हा गंगाला वाटलं, कुंचला बाईच्या हाती आला खरा, आणि ही वाट माझ्याच दारातून गेली की. तिने आत जाऊन सुनेसाठी चहात दूध जास्त घातलं.

चतुर्थी तोंडावर आली आणि तळीवाडीत एक रुग्ण सापडला. बाळकृष्ण घाडी. त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं आणि वाडीला जाणारा फळ्यांचा साकव दोन्ही बाजूंनी बांबू घालून बंद केला. खाली पऱ्याचं पाणी दुथडी वाहत होतं. तळीवाडीचे गणपती मात्र अल्याड, केरूच्या मांडवात तयार होते. ज्या पोरांनी त्यांची माती तुडवली होती, ती पोरंही पल्याडच अडकली होती.

"यंदा त्यांचा नाय जमायचा," कुणीतरी म्हणालं.

केरूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्या मूर्ती पुसायला घेतल्या.

चतुर्थीच्या सकाळी बाकीचे गणपती गेले. ना ढोल, ना मिरवणूक, प्रत्येक घरचा एकच माणूस. मग उरलेल्या मूर्ती घेऊन केरू, हर्षद, बाबल्या नि गंगा साकवापाशी आली. रामा काठी घेऊन उभाच होता.

"रामा, कसा करायचा?" केरूने विचारलं.

रामाने डोकं खाजवलं. त्याने कधी हुकूम मोडला नव्हता. "हुकूम काय म्हणतो? माणूस जायचा नाय, माणूस यायचा नाय," तो स्वतःशीच बोलला. "गणपतीचा काय म्हटलेला नाय."

आणि त्याने स्वतःच्या हाताने बांबू बाजूला केले.

साकवाच्या मधोमध स्टूल ठेवलं. हर्षद एकेक मूर्ती नेऊन स्टुलावर ठेवायचा आणि मागे फिरून काठावर यायचा. मग पल्याडचा माणूस अनवाणी यायचा, मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकायचा, पाट उचलून डोक्यावर घ्यायचा आणि जायचा. कुणी कुणाला शिवलं नाही. दोन्ही काठांवर माणसं पावसात उभी होती. दर मूर्तीला एक नारळ स्टुलावर राहायचा, तो हर्षद पुढच्या फेरीला उचलून आणायचा आणि काठावरच्या खोक्यांत टाकायचा.

शेवटची मूर्ती घाड्यांची. हर्षद ती ठेवून मागे आला. पल्याडून कुणी येईना. घाडी इस्पितळात, घरात पुरुष नाही, आणि त्या घरच्या पाटाला हात लावायला वाडीतला कुणी धजत नव्हता. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. तेवढ्यात गर्दीतून घाडीची बायको सावित्री पुढे आली. तिची तपासणी चांगली आली होती, तरी लोक तिला वाट देताना लांब सरकले. तिने साडीचा ओचा खोचला होता, डोक्यावर चुंबळ होती. साकवावर येऊन ती स्टुलासमोर थांबली. पाट जड होता. एरवी दुसऱ्या कुणीतरी उचलून डोक्यावर द्यायचा असतो. तिने दोन्ही हातांनी उचलून पाहिला, आणि परत खाली ठेवला. मूर्ती डुगडुगली.

"सावित्री, मागं हो जरा!" गंगा ओरडली. "हर्षद, ते नारळाचे खोके ने. स्टूल वर चढव."

हर्षदने धावत जाऊन मूर्ती उतरवली, स्टुलाखाली दोन खोके रचले, मूर्ती परत वर ठेवली आणि तो काठावर परतला.

"आता गुडघे वाकव," गंगा सांगू लागली. "डोका पाटाखाली घाल. हात दोन्ही कडांना. घाई नको. सरकवून घे पुढं. व्हय... आता उठ. उठ गो बाय, उठ!"

सावित्री वाकली. पाटाची कड चुंबळीवर आली, मान ताठली, मांड्या थरथरल्या. ती इंच इंच उठत गेली, आणि सरळ उभी राहिली. घाड्यांचा गणपती तिच्या डोक्यावर पावसात उभा होता. ती वळली आणि एकेका फळीवर जपून पाऊल टाकत निघाली. तिच्या वाटेतून बाजूला झालेली माणसं आता मागे सरली नाहीत, ती हात जोडून जागच्या जागी वाकली.

मांडवात आता एकही पाट राहिला नव्हता. गंगाने ओरडायला तोंड उघडलं. तिच्या आधी केरूच ओरडला. आयुष्यभर पुटपुटणारा तो माणूस छाती फुटेल असा ओरडला, "गणपती बाप्पा!" आणि पऱ्याच्या दोन्ही काठांवरून, पाण्याच्या आवाजाच्याही वर, मोरया उठला.